पॅपिरस, पाणकणीस, वाळा : उंच पाणगवते कुंडीत आणि वाफ्यात

प्रश्न थोडक्यात असा आहे : खाली भोके असलेल्या मोठ्या कुंडीत पॅपिरस, म्हणजे उंच दांड्यांच्या टोकाला बारीक पात्यांचे झुबके असलेले पाणगवत, लावला आहे. दिवसातून दोनदा पाणी घालूनही झुबक्यांची टोके करपतात आणि दांडे मधूनच कलंडतात. कुंडीच्या कडेने बारीक, तिधारी पाती वर येत आहेत, ती पॅपिरसचीच पिल्ले आहेत का? शिवाय बागेतल्या खोलगट कोपऱ्यात पाणी साचते, तिथे अशीच उंच गवते लावायची आहेत. कोणती लावावीत आणि कशी?

आधी कुंडीचे बघू, कारण तिथले गणित कळले की वाफ्याचे अर्धे काम होते.

‘पाण्याची आवड’ असलेल्या झाडाला दिवसातून किती वेळा पाणी घालायचे, असे मला नेहमी विचारले जाते. या झाडांच्या बाबतीत वेळा मोजून काही हाती लागत नाही. पाण्याची पातळी कंदाच्या तुलनेत कुठे आहे, एवढेच बघायचे. पॅपिरसचा कंद जमिनीलगत आडवा सरकत जातो आणि त्यावरून दांडे उभे राहतात. त्या कंदाच्या बरोबरीने किंवा चार-पाच सेंटीमीटर वर पाणी कायम असेल, तर झाड खूश असते. सकाळी तुडुंब आणि दुपारी कोरडे, ही अवस्था त्याला सर्वांत वाईट. दोन मीटर उंचीच्या पॅपिरसच्या डोक्यावर शेकडो बारीक पाती असतात. कडक उन्हात वारा सुटला की त्यांतून पाणी इतक्या वेगाने उडते की भोकाच्या कुंडीत साठा टिकतच नाही. संध्याकाळी तुम्ही पुन्हा पाणी घालता तोवर टोके करपलेली असतात. ती पुन्हा हिरवी होत नाहीत.

मग इतर झाडे अशा चिखलात कुजतात आणि ही का कुजत नाहीत? मुळांना प्राणवायू लागतो, आणि तो हवेपेक्षा पाण्यात सुमारे दहा हजार पट संथ गतीने पसरतो. साध्या झाडाची मुळे बुडाली की गुदमरतात. पाणगवतांच्या पात्यांत, दांड्यांत आणि मुळांत मात्र हवेच्या पोकळ्या असतात आणि वरची हवा त्यांतून मुळांपर्यंत पोहोचते. पाणकणसाचे पाते आडवे कापून बघा, आत खणांची जाळी दिसेल. हीच गोष्ट लक्षात ठेवून एक पथ्य पाळायचे : नव्या रोपाचे दांडे आखूड असतात, तेव्हा त्याला एकदम खोल पाण्यात बुडवायचे नाही. हवा आत घेणारा भागच पाण्याखाली गेला तर जातिवंत पाणझाडही कुजते. नवा फुटवा पाण्याबाहेर आला की मग पातळी हळूहळू वाढवावी.

झाडागणिक ही पातळी बदलते. पॅपिरस आणि छत्री गवत, म्हणजे नर्सरीत ‘अम्ब्रेला पाम’ म्हणून मिळणारे सायपेरस, यांना कंदावर शून्य ते दहा सेंटीमीटर पाणी चालते. पाणकणीस एक फूट पाण्यातही आरामात उभे राहते. वाळा एकदा रुजला की साचलेले पाणीही सोसतो आणि नंतरचा कोरडा काळही. असा सोशिक गडी दुसरा नाही. मिस्कँथस, म्हणजे पिवळ्या आडव्या पट्ट्यांच्या झेब्रा गवताचे कुळ, अनेकदा पाणगवतांच्या रांगेत विकायला ठेवलेले असते. त्याला ओलसर माती आवडते, पण त्याचा गड्डा पाण्यात बसला, विशेषतः थंडीत, तर तो सडतो. त्याला काठावर, थोड्या उंचवट्यावर जागा द्यावी.

आता कुंडी. भोके बुजवून टाकणे हा सोपा उपाय आहे आणि तो चालतो. मी मात्र दोन भांड्यांची रचना पसंत करतो. बाहेर बिनभोकाचा टब, आत भोके किंवा जाळी असलेली रुंद कुंडी आणि तिच्याखाली विटा. पाण्याची पातळी टबाच्या काठाजवळ कायम ठेवायची आणि झाड किती बुडवायचे ते विटांनी ठरवायचे. रोप लहान असताना दोन विटा, मोठे झाले की एक काढा. खत देताना, गड्डा फोडताना किंवा टब धुताना आतली कुंडी उचलता येते, हा मोठा फायदा. भोके बुजवलेल्या एकाच कुंडीत यातले काहीच धड जमत नाही.

आतली कुंडी खोल नको, रुंद हवी. पॅपिरसची बहुतेक मुळे वरच्या फूटभर थरात असतात आणि कंद बाजूला सरकतो, म्हणून पस्तीस-चाळीस सेंटीमीटर खोली पुरते. व्यास मात्र पंचेचाळीस ते साठ सेंटीमीटर असू द्या. पोट मोठे आणि तोंड अरुंद अशा सुबक भांड्यांचा मोह टाळा. दोन वर्षांनी गड्डा आत फुगतो आणि भांडे फोडल्याशिवाय बाहेर येत नाही. पातळ प्लॅस्टिकच्या कुंड्या तर कंदाच्या दाबानेच तडकतात. काळा टब भर उन्हात ठेवला तर पाणी तापते आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू आणखी कमी मुरतो. फिकट रंगाचा घ्या किंवा त्याच्या बाहेरून काहीतरी आडोसा करा.

वजनाचा विचार झाड आणण्याआधी करायचा असतो. साठ लिटरच्या टबात चिखल भरला की वजन शंभर किलोच्या आसपास जाते. गच्ची किंवा सज्जा असेल तर टब भिंतीलगत, तुळईच्या रेषेवर ठेवा आणि तो भरल्यावर सरकवायचा नाही हे गृहीत धरूनच जागा ठरवा. उलट, हलका टब ठेवला तर उंच झाडाला वारा आडवा पाडतो. म्हणजे वजन हवेच, फक्त ते पेलणाऱ्या जागी हवे.

माती. इथे कुंडीबागेतली सगळी शिकवण उलटी करायची. हलके, भुसभुशीत, निचऱ्याचे मिश्रण पाण्यात कामाचे नाही. कोकोपीट आणि परलाइट तरंगून वर येतात, खाली माती बसते आणि झाड डुगडुगते. साधी जड बागेची माती, पोयट्याची किंवा थोडी चिकण, हीच सर्वांत चांगली. कुजलेले खत दहाव्या हिश्शाहून जास्त नको आणि अर्धवट कुजलेले शेणखत तर अजिबात नको : ते पाण्याखाली हवेविना कुजते, बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि मुळे काळी पडतात. वरून दोन-तीन सेंटीमीटर बारीक खडीचा थर द्या, म्हणजे माती पाण्यात मिसळत नाही आणि डासांच्या बाबतीतही त्याचा उपयोग होतो.

डासांचे इथेच सांगून टाकतो. उबदार पाण्यात अंड्यापासून डास होईपर्यंत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. मोठ्या टबात दोन-चार गप्पी मासे सोडले की प्रश्न मिटतो. मासे नको असतील तर पाण्याची पातळी खडीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली ठेवा. उघडे पाणीच दिसत नसेल तर मादीला अंडी घालायला जागा उरत नाही. दोन भांड्यांच्या रचनेत मधल्या फटीतही पाणी उघडे असते, तिथेही खडी भरा किंवा बारीक जाळी लावा. डासांच्या अळ्या मारणारी बीटीआय नावाची जिवाणूजन्य गोळीही चालते. ती माशांना अपाय करत नाही.

टोके करपण्याचे दुसरे कारण आहे क्षार, आणि पहिले कारण दूर केल्यावर हे हटकून डोके वर काढते. बंद टबातले पाणी उडून जाते, त्यातले क्षार मात्र मागे राहतात. रोज वरून भर घातली की रोज थोडे क्षार वाढतात, त्यात खताचीही भर पडते. टबाच्या काठावर पांढरट पापुद्रा दिसू लागला की समजा. महिन्यातून एकदा आतली कुंडी बाहेर काढून तिच्यातून भरपूर पाणी वाहू द्या, टब रिकामा करून धुवा आणि ताजे पाणी भरा. पावसाचे पाणी साठवता येत असेल तर यासाठी त्याच्याइतके चांगले काही नाही. पाणी जड असेल तर आणखी एक लक्षण दिसते : जुने दांडे हिरवे आणि नवे मात्र पिवळट. ही लोहाची कमतरता असते. चिलेटेड लोह, म्हणजे जड पाण्यातही मुळांना घेता येईल अशा रूपातले लोह, थोड्या प्रमाणात दिले की पुढचे फुटवे हिरवे येतात.

तिसरे कारण निव्वळ वय. दांड्याचे आयुष्य मर्यादित असते; बाहेरचे, सर्वांत जुने दांडे झुबक्याकडून तपकिरी होत खाली वाळत जातात आणि मधून नवे येतात. यात काळजीचे काही नाही. ओळखायचे असे : फक्त जुने दांडे वाळत असतील तर वय, आणि कोवळ्या दांड्यांचीही टोके जळत असतील तर पाणी किंवा क्षार. वाळलेला दांडा अगदी बुडाशी कापा. मधून कापला तर त्याला वर पुन्हा झुबका येत नाही, नुसता खुंट उरतो आणि तो कुजत जातो. करपलेली टोके कात्रीने छाटून झुबका गोल करणारे लोक मी पाहिले आहेत. तसे करायला हरकत नाही, पण छाटलेले झाड लगेच ओळखू येते.

दांडे कलंडण्याची कारणे वेगळी. सगळे दांडे एकाच बाजूला झुकत असतील तर ऊन कमी आहे. या झाडांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. दांडे लांब, मऊ, हाताला पोकळ लागत असतील तर नत्र जास्त झाले. आणि दांडे चारही बाजूंना, कुंडीच्या काठावरून बाहेर ओणवे होत असतील, तर कंद काठापर्यंत पोहोचला आहे आणि त्याला जागा उरलेली नाही. तुमच्या वर्णनावरून मला हेच शेवटचे कारण जास्त संभवते. मोळी बांधल्यासारखे सगळे दांडे दोरीने आवळू नका. मधले दांडे घासून मोडतात आणि आत हवा खेळत नाही. कुंडीत तीन काठ्या रोवून त्यांना अर्ध्या उंचीवर सैल कडे बांधा, तेही तात्पुरतेच. खरा इलाज गड्डा फोडणे हाच आहे.

खताचे तंत्र एकच : ते पाण्यात टाकायचे नाही, चिखलात खुपसायचे. सावकाश विरघळणाऱ्या खताच्या गोळ्या आठ-दहा सेंटीमीटर खोल दाबून वर माती लोटायची, वाढीच्या काळात दीड-दोन महिन्यांनी एकदा. दाणेदार खत पाण्यावर फेकले तर झाडाआधी शेवाळ ते खाऊन टाकते.

कुंडीत दोन-तीन वर्षांनी गड्डा फोडावाच लागतो. उबदार काळ सुरू होताना हे करा. थंडीत कापलेले कंद नवे मूळ धरण्याआधी कुजतात. चाकूने हे काम होत नाही. जुनी, बोथट झाली तरी चालेल अशी करवत घ्या, कारण चिखल आणि वाळू तिची धार घालवणारच. मधला म्हातारा, लाकडी झालेला भाग टाकून द्यायचा आणि कडेचे, जिवंत टोके असलेले तुकडे ठेवायचे. पॅपिरसचा तुकडा फार लहान करू नका : किमान तीन-चार जोमदार दांडे आणि पुढे सरकणारे टोक त्यात हवे. जुने दांडे बुडाशी कापून दोन-तीनच ठेवा, आठ-दहा दिवस सावलीत ठेवा आणि तोवर पाणी फक्त मातीच्या पृष्ठभागापर्यंत.

छत्री गवताला एवढा खटाटोप लागत नाही. दोन-तीन सेंटीमीटर दांड्यासकट छत्री कापा, पाती अर्ध्यावर छाटा आणि ती उलटी पाण्यावर तरंगत ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मधून मुळे आणि नवी पिल्ले येतात. मोठ्या पॅपिरसवर हा प्रयोग करणारे बरेच आहेत, पण तिथे मी गड्ड्यावरच भरवसा ठेवतो.

आता खोलगट कोपरा. काहीही आणण्याआधी तिथे फूटभर खोल खड्डा खणा, पाण्याने भरा आणि दुसऱ्या दिवशी बघा. चोवीस तासांनीही पाणी असेल तर ती खरी पाणथळ जागा. खड्डा कोरडा झाला असेल, तर पाणी फक्त पावसात साचते आणि उरलेले दिवस ती जागा कोरडीच असते. बहुतेक बागांमधले ‘पाणथळ’ कोपरे या दुसऱ्या प्रकारचे निघतात. अशा जागी पॅपिरस लावला की तो चार महिने देखणा दिसतो आणि उरलेले आठ महिने तुम्ही पाइप धरून उभे. तिथे वाळा लावा. दीड ते दोन मीटर उंच होतो, पाती कमानीसारखी झुकतात, मुळे सरळ खाली तीन मीटरपर्यंत जातात आणि तो आडवा पसरत नाही. शोभेसाठी लावताना दोन गड्ड्यांत दोन फूट सोडा; आडोशाची भिंत हवी असेल तर पंधरा सेंटीमीटरवर एक ठोंब.

तरीही पॅपिरसच हवा असेल तर दलदलीचा वाफा करता येतो. दीड फूट खोल खड्डा खणा, तळातले टोकदार दगड आणि मुळे काढा आणि तळ्यासाठी मिळते तसले जाड शीट अंथरा. भोके तळाला फार नकोत. एक-दोन लहान, तीही खडीने झाकलेली, म्हणजे क्षार हळूहळू खाली निघून जातात. खरी भोके बाजूंना, पृष्ठभागाच्या वीतभर खाली पाडा. जोराच्या पावसात जास्तीचे पाणी तिथून निघून जाते आणि खालचा थर ओला राहतो. खणलेलीच माती परत भरा. भरताना बाजूबाजूला भोके असलेला एक पाइप आडवा पुरून त्याचे एक तोंड वर ठेवा. पाणी त्यातून दिले की ते थेट मुळांशी जाते आणि वरची माती वाहून जात नाही.

शीटची कड हा लोकांचा हमखास सुटणारा मुद्दा. ती मातीखाली दाबून टाकली आणि आतली ओली माती बाहेरच्या कोरड्या मातीला चिकटली, की बाहेरची माती आतले पाणी सतत शोषत राहते आणि भरलेला वाफा आठवड्यात सुकतो. कड जमिनीच्या दोन बोटे वर राहू द्या आणि दगड किंवा विटांनी झाका. माती दोन आठवडे बसू द्या, मगच लागवड. पॅपिरसला चहूबाजूंनी मीटरभर जागा, छत्री गवताला दोन फूट. पायवाटेच्या अगदी कडेला पॅपिरस लावू नका. पावसात झुबके भिजून जड होतात आणि नेमके वाटेवर वाकतात.

आणि आता ज्यांच्यापासून सावध राहायचे ती मंडळी. पाणकणीस दिसायला सुंदर आहे, तपकिरी कणसे मलाही आवडतात, पण मोकळ्या वाफ्यात मी ते लावत नाही. एका कणसात लाखाच्या घरात बिया असतात आणि खालून कंद पळत असतो ते वेगळेच. हवेच असेल तर बिनभोकाच्या टबात लावून तो टब काठासह वाफ्यात पुरा, काठ पाच सेंटीमीटर वर ठेवा आणि कणसे फुटून कापूस उडायच्या आत कापा. लहान तळ्यासाठी पाणकणसाचीच टायफा मिनिमा ही ठेंगणी जात जास्त बरी. फ्रॅग्माइटीस, म्हणजे नळ नावाचे उंच पाणगवत, तर बागेत नकोच : त्याची कोंबांची टोके इतकी टोकदार असतात की तळ्याचे शीट भेदून जातात. अरुंडो डोनॅक्स या बांबूसारख्या उंच गवताची पांढऱ्या पट्ट्यांची जात शोभेला घेतात. ती मोठ्या टबात, पाण्याच्या प्रवाहापासून दूर असेल तर ठीक. साधा अरुंडो जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे आणि पुरात वाहून गेलेल्या कांडीच्या तुकड्यालाही मुळे फुटतात. पॅपिरस आणि छत्री गवतही उबदार प्रदेशांत बागेतून निसटून ओढ्याकाठी माजली आहेत. म्हणून फोडलेल्या गड्ड्यांचा कचरा नाल्यात किंवा ओढ्याकाठी टाकू नका. ताडपत्रीवर पसरून कुरकुरीत वाळेपर्यंत उन्हात ठेवा आणि मगच खतात घाला.

किडीचा त्रास या झाडांना फारसा नसतो. कोरड्या हवेत लाल कोळी आणि कोवळ्या फुटव्यांवर मावा दिसला तर पाण्याचा जोराचा फवारा पुरतो. टबात मासे असतील तर कीटकनाशक फवारू नका. थंडीत तापमान दहा अंशांच्या खाली गेले की पॅपिरसची वाढ थांबते आणि दंव पडले तर वरचा भाग मरतो. त्या काळात खत बंद ठेवा, पाणी कंदाच्या पातळीपर्यंत उतरवा आणि उचलता येण्यासारखी कुंडी असेल तर उजेडाच्या निवाऱ्यात घ्या.

राहिली ती कडेची बारीक तिधारी पाती. पॅपिरसची पिल्ले असतील तर ती कंदाच्या रेषेतच येतात, बुडाशी जाड असतात आणि वर सुरुवातीपासून मिटलेला झुबका दिसतो. जवळपास छत्री गवत असेल तर त्याच्या बियांपासून उगवलेली रोपेही असू शकतात. ती उपटली की मुळांसकट सहज येतात. तुम्ही सांगता तशी सगळीकडून विखुरलेली, जमिनीलगत पात्यांचा झुपका असलेली रोपे बहुधा नागरमोथ्याची. एक रोप बोटाने खोलवर उकरून काढा : दोऱ्यासारख्या मुळाला काळपट, सुवासिक गाठ लटकलेली दिसली तर शंका नको. तो वरून खुडू नका, खालच्या गाठी लगेच नवे कोंब काढतात. गड्डा फोडायची वेळ आलीच आहे, तेव्हा सगळी जुनी माती झटकून टाका, कंदाची मुळे पाण्यात धुवा, अडकलेल्या गाठी एकेक करून वेचा आणि नव्या मातीत लावा. त्यानंतर टबात पाणी कायम कंदाच्या वर राहिले, तर चुकून राहिलेल्या गाठींनाही फारसा जोर धरता येत नाही.